गुरुवारचं लग्न

१

त्या रविवारी आईने वांग्याचं भरीत केलं होतं. माझ्या ताटात वाढताना ती म्हणाली, "तिखट लागलं तर दही घे, माधवी." पळी तशीच पुढे नेत अलीझाला म्हणाली, "खाय वं पोट्टे, तुले का होते तिखटानं."

भरीत एकच होतं. भाषा दोन होत्या. मी अकोल्याला कॉलेजात ग्रंथपाल झाले तेव्हापासून आई माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायची. शिक्षिका असताना शाळेत तपासणीला साहेब आले की बोलायची तसं. अलीझाशी मात्र वऱ्हाडीत बोलायची आणि त्या दोघी कशालाही हसायच्या.

अलीझा आमच्या समोरच्या सबीहाखालांची मुलगी. आईच्या मांडीवर बसून ती अक्षरं शिकली. साऱ्या गल्लीसारखी तीही आईला 'बाई' म्हणायची. आता गल्लीच्या तोंडाशी तिचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. लोक पीकविम्याचे अर्ज भरायला, पेन्शनचा हयातीचा दाखला काढायला तिच्याकडे जात आणि आपला मोबाइल बिनघोर तिच्या हातात देत. तिचा सगळा धंदा त्या बिनघोर देण्यावर उभा होता.

मी टॉवेल काढायला कपाट उघडलं, तर वरच्या कप्प्यात अंजिरी रंगाचं नवं कापड होतं, जरीच्या काठाचं. आईला विचारलं.

"अलीझासाठी आणलंय. तिचं जमलं ना," आई म्हणाली.

"मग देऊन टाक. बसलीये की समोर."

"आत्ता नको. दोन-चार दिवसांत मोहरमचा चांद दिसेल. त्या महिन्यात त्यांच्यात नवं कापड अंगाला लावत नाहीत. महिना सरला की देईन."

मी कपाटाचं दार लावलं. जरा जोरातच लागलं.

जेवायला माझा धाकटा भाऊ धर्मेंद्र आणि त्याची बायको आकांक्षाही आली होती. दोघं अमरावतीतच, पण कॅम्पकडे फ्लॅटमध्ये राहतात. जेवणं झाल्यावर आई आणि अलीझा मोरीत भांडी घासत हसत होत्या. आकांक्षा आतल्या खोलीत सोलापूरला तिच्या आईशी फोनवर होती. धर्मेंद्र बैठकीत पंख्याखाली आडवा झाला होता. मी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होते, उगाच एकेक करून. आईचा मोबाइल बैठकीच्या खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. त्याचं कुलूप उघडायला पडद्यावर बोटाने 'म' काढायचा. आईने ते सगळ्यांनाच शिकवलं होतं. लपवायची तिला सवयच नव्हती.

संध्याकाळी निघताना आई फाटकापर्यंत आली. गल्लीच्या तोंडाशी सबीलसाठी बांबू येऊन पडले होते. मोहरमात तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांना सरबत वाटतात. आई म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

मी पोचल्यावर 'पोचले' असा मेसेज केला.

२

दोन दिवसांनी आई पासबुक भरायला बँकेत गेली, तेव्हा तिचं निवृत्तीचं खातं रिकामं होतं. ती चालत घरी आली. पायरीवर बसून तिने अलीझाला हाक मारली, छातीवर कोणी हात ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाली. अलीझाने तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

तिने कळवताच मी निघाले. माझी बस मूर्तिजापूरच्या पुढे आली असताना तिचा पुन्हा फोन आला. 'ताई' एवढंच म्हणाली ती.

शेवटपर्यंत आईचा हात तिच्या हातात होता, असं नर्सने सांगितलं. मी डॉक्टरांना सगळं विचारलं. अलीझाला काहीच विचारलं नाही.

सायबर पोलीस ठाण्यातल्या उपनिरीक्षक खुशी धांडे वयाने माझ्याहून लहान, पण शांत. त्यांनी आईचा मोबाइल ठेवून घेतला आणि पुढल्या भेटीत आम्हाला समजावून सांगितलं. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावरच्या वेळेला, त्या मोबाइलवर एक फाइल उघडली गेली होती. नाव निकाहच्या पत्रिकेचं. पण पत्रिका म्हणजे फोटो असतो, नाहीतर छापील पान. या फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' अशी अक्षरं होती, म्हणजे आत अ‍ॅप होतं. ते बसवताना मोबाइल पुन्हा पुन्हा विचारतो, हे अनोळखी ठिकाणचं आहे, चालेल का? याला तुमचे मेसेज वाचू द्यायचे का? पत्रिका बघायची घाई असलेला माणूस हो, हो म्हणत जातो. पत्रिका काही उघडत नाही. अ‍ॅप मात्र आत बसून बँकेचे मेसेज परस्पर कुठल्या कुठे पाठवत राहतं.

"पाठवणारी टोळी बाहेरची असते, तिच्यामागे आम्ही आहोतच," त्या म्हणाल्या. "मला खटकतंय ते वेगळंच. अ‍ॅप मोबाइलमध्ये आहे, पण ज्या मेसेजसोबत ते आलं तो मेसेज नाही. तो कोणीतरी हाताने काढून टाकलाय. तुमच्या आईंनी काढला असेल का?"

आईला मेसेज काढता येत नव्हता. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा तिच्याकडे वर्षानुवर्षं पडून होत्या.

"मग घरातलंच कोणीतरी," धांडे म्हणाल्या. "कोणावर संशय असेल तर शुक्रवारी जबाबात नाव द्या."

बाहेर आल्यावर धर्मेंद्र म्हणाला, "निकाहची पत्रिका. आता आपल्या घरात निकाहवाली कोन येत होती, हे का पोलिसायनं सांगावं लागते?"

पुण्यानुमोदनाच्या विधीला आईच्या फोटोपुढे बुद्धवंदना चालू असताना अलीझा मागे भिंतीशी उभी होती, ओढणीने डोळे पुसत. धर्मेंद्र माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "येत्या गुरुवारी हिचं लगन, अन इथं रडून राहिली."

मागून शेजारच्या माणिकबाईंनी भर घातली. रविवारी संध्याकाळी, मी गेल्यावर, अलीझा आमच्या ओट्यावर बाईंचा मोबाइल हातात घेऊन बसली होती. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चार बायकांनी ऐकलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. जिचा इतकी वर्षं राग करायला कारण मिळत नव्हतं तिच्याविरुद्ध अखेर एक कारण मिळालं होतं.

३

गुरुवारी मी अकोल्यात, ग्रंथालयात होते. परत आलेली पुस्तकं कपाटात लावताना एकच गोष्ट डोक्यात होती. आज तिचं लग्न. आईला जाऊन दहा दिवसही झाले नाहीत, आणि ती आज नटणार. उद्या मी जबाबात तिचं नाव देणार होते. पण त्याआधी तिला नटलेली पाहायचं होतं. कशासाठी, ते मी स्वतःला विचारलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून अमरावतीची बस धरली.

गल्लीत मांडव नव्हता. दिव्यांच्या माळा नव्हत्या. सबीलच्या बांबूंवर हिरवं कापड चढलं होतं आणि त्याखाली सबीहाखाला पिंपातून सरबत काढून पेल्यांत ओतत होत्या. मला पाहून त्यांनी पेला पुढे केला. मी घेतला.

"खाला, आज अलीझाचं लग्न ना?"

 त्यांनी पळी खाली ठेवली.

"मोहरमात निकाह कोन करते वं बेटा? आमी तं या महिन्यात घरात नवी चादरबी नाई आथरत. तिचा निकाह थंडीत हाये. तारीखबी अजून ठरली नाई. तुले कोन सांगितलं गुरुवार?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच कपाळावर हात मारला. "अगं, तो मेसेज. या अल्ला, तुलेबी आलता का तो?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांच्या मोबाइलवर अंजनगावच्या एका नातेवाइकाच्या नंबरावरून पत्रिका आली. त्यांनी ती दाबली. काही उघडलं नाही. रविवारी दुपारी तीच पत्रिका त्यांच्या नंबरावरून, त्यांनी न पाठवता, ओळखीच्या सगळ्यांना गेली. गल्लीतले लोक हसले, मोहरमात लगन लावून राहिली का सबीहा म्हणून. कोणी दाबली नाही. संध्याकाळपर्यंत अलीझाने अ‍ॅप काढून खालांचा मोबाइल साफ केला आणि घरोघर सांगत फिरली. ठेवणीतली चार अंडी आणि एक कोंबडी एवढीच त्यांची दौलत, म्हणून चोरांनी त्यांचं काही नेलं नाही, असं त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

"पोलिसांना सांगितलं का?"

"सांगाले कोन आलं? लोक म्हनून राहिले का आमीच बाईले बुडवलं. आता सांगलं तं कबूल केल्यासारखं दिसन." त्यांनी मोबाइल उघडून माझ्यापुढे धरला. मेसेज अजून होता. 'निकाहसाठी अगत्य येणे.' खाली पत्रिकेची फाइल. आणि तारखेपुढे एक वार.

गुरुवार.

मी आईच्या कपाटातलं अंजिरी कापड आठवत तिथेच उभी राहिले. या महिन्यात नवं कापडही देत नाहीत हे जिला ठाऊक होतं, ती मोहरमातल्या लग्नाची पत्रिका खरी मानणार नव्हती. आई फसली असती तर दुसऱ्या कुठल्याही फाइलला फसली असती. या नाही. आणि अलीझाला बाईंना फसवायचंच असतं तर सबंध वर्षात तिने नेमका हाच महिना निवडला नसता.

म्हणजे फाइल उघडली ती अशा कोणीतरी, ज्याला या गल्लीतलं मोहरम माहीत नव्हतं.

आणि प्रत्यक्षात न ठरलेल्या त्या लग्नाचा वार मला खालांच्याही आधी कोणीतरी सांगितला होता.

४

अलीझाचं केंद्र उघडं होतं आणि रिकामं होतं. एरवी बाहेर बाकड्यावर दाटी असायची. आत प्रिंटरवर कापड टाकलेलं. ती उठून उभी राहिली. मी बसले नाही.

"रविवारी संध्याकाळी तू आईचा मोबाइल घेऊन ओट्यावर काय करत होतीस?"

तिने सरळ सांगितलं. गल्लीत सगळ्यांना सावध केल्यावर ती शेवटी बाईंकडे गेली होती. बाईंनी मोबाइल तिच्या हातात दिला.

"मेसेज नव्हताच, ताई. मी दोनदा पाह्यलं. अम्मीच्या नंबरावरून आलेलं कालपरवाचं सगळं होतं, तेवढाच नव्हता. मले वाटलं, नशीब, बाईले गेलाच नाई." ती ओढणीचं टोक दुमडत होती. "बाई गंमतीनं रुसल्या. म्हने, सगळ्यायले पत्रिका अन मलेच नाई? सबीहाले सांग, मी लग्नात जेवाले येनार नाई."

मला आईचा तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. वऱ्हाडीतला.

"मेसेज दिसला असता तर काय केलं असतंस?"

"असता तं उघडला का म्हनून इचारलं असतं. अ‍ॅप शोधून काढून टाकलं असतं, तवाच्या तवा बँकेत फोन केला असता, खातं बंद केलं असतं. सोमवारी सकाळपर्यंत काई गेलंबी नव्हतं त्यातून, पासबुकात पाह्यलं मी." तिने प्रिंटरवरचं कापड उगाच सारखं केलं. "रोज लोकायले हेच सांगतो मी. दाबलं तं दाबलं, पन लपवू नका. एक मेसेज नाई दिसला म्हनून मी उठून घरी आली, ताई."

ती स्वतःला दोष देत होती. मी तिचं नाव द्यायला निघाले होते, आणि ती आधीच स्वतःचं नाव देऊन बसली होती.

५

मी धर्मेंद्रच्या फ्लॅटवर गेले. तो ऑफिसातून आला नव्हता. दार आकांक्षाने उघडलं. पाणी दिलं, चहाला ठेवते म्हणाली. मी सहज विचारावं तसं विचारलं, की अलीझाचं लग्न गुरुवारी आहे हे तुला कोणी सांगितलं होतं का.

"ह्यांनी. त्याच रविवारी, आईंकडून घरी येताना गाडीवर. म्हणाले, पुढच्या गुरुवारी लग्न आहे, आणि आई आपल्याला काही बोलल्यासुद्धा नाहीत." तिने गॅस बारीक केला. "का हो, ताई? झालं का लग्न?"

रविवारी. अलीझा गल्लीत सांगत फिरायच्या आधी, खालांच्या तोंडून कोणी काही ऐकायच्या आधी. आमच्या घरात तो वार त्या दुपारी एकाच ठिकाणी लिहिलेला होता.

धर्मेंद्र आला तेव्हा मी त्याच्या खुर्चीसमोर बसले होते. मी आवाज चढवला नाही.

"गुरुवारी लग्न नव्हतं, धर्मेंद्र. मोहरम आहे. ते फक्त त्या मेसेजमध्ये होतं, आणि तो मेसेज आईच्या मोबाइलवरून पुसलेला आहे. तू कुठे वाचलास?"

त्याने डबा टेबलावर ठेवला.  मोहरमाचं त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. बाबा गेले तेव्हा आईला दोघांचं झेपेना, म्हणून त्याला दर्यापूरला मामाकडे ठेवलं होतं. गल्लीतली सवारी, सबील, सगळं त्याच्याशिवाय झालं. तो सुट्टीत यायचा.

"सुट्टीत आलो का ती आईच्या मांडीवर," तो म्हणाला. "माह्या घरी मीच पाहुना. आई मले इचारे, भाकर आवडते ना रे तुले? तिले नाई इचारत होती. तिले माहीत होतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्या दिवशी मोबाइल वाजला. पत्रिका दिसली. मले फक्त पाहाचं होतं का त्यावर आईचं नाव छापलं का. निमंत्रकात. माह्या पत्रिकेत मामाचं नाव होतं वर. जे इचारे त्याले मी हो म्हनत गेलो. काईच उघडलं नाई."

"आणि मेसेज?"

"आईले समजलं असतं मी तिचा मोबाइल चाळला. म्हनून काढून टाकला. मले का माहीत, ताई. खरंच नव्हतं माहीत."

"ते खरं आहे. पण धांडे मॅडमनी समजावलं त्या दिवशी तुला माहीत झालं. त्यानंतर तू अलीझाचं नाव घेतलंस."

 स्वयंपाकघराच्या दारात आकांक्षा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो तिथेच खाली ठेवला.

मला त्याला खूप काही बोलायचं होतं. बोलले नाही, कारण एक गोष्ट मला दिसत होती. त्या दुपारी मी मागच्या अंगणात न जाता खिडकीशी गेले असते, तर आईचं नाव शोधायला ती पत्रिका मीच उघडली असती. मोहरमाचं मला कपाटापाशी सांगितलेलं असूनसुद्धा. कपाट लावताना मी ऐकत कुठे होते.

"धांडे मॅडमना फोन लाव," मी म्हणाले. "तूच सांग. मी इथे बसते."

त्याने फोन लावला. सगळं सांगितलं. खालांच्या नंबराचंही. त्यावरून माग लागू शकेल, असं पलीकडून त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "गल्लीत मी कसा जाऊ आता?" मी म्हणाले, उद्या सकाळी. आज मी जाते.

६

दिवे लागायच्या वेळेला मी पुन्हा अलीझाच्या केंद्रापाशी आले. सबीलपाशी माणिकबाई आणि आणखी काही बायका पेले हातात घेऊन उभ्या होत्या. मला पाहून त्यांचं बोलणं थांबलं.

मी आत गेले नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसले, सगळ्यांना दिसेल अशी, आणि माझा मोबाइल पर्समधून काढून अलीझापुढे धरला.

"हा तपास. यात काही नको ते घुसलंय का बघ."

तिने तो लगेच घेतला नाही. बायकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ओढणीला हात पुसून मोबाइल घेतला.

"कुलूप, ताई?"

"म."

तिचं बोट पडद्यावर थांबलं. "तुमचाबी?"

"आई गेल्यावर केला."

तिने बोटाने 'म' काढला. मी माणिकबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की आईचा मोबाइल आमच्या घरातल्या माणसाच्या हातून बिघडला. अलीझाने तो वाचवायचा प्रयत्न केला. पोलिसांना तसं कळवलंय. माणिकबाईंनी पेला खाली ठेवला.  थोड्या वेळाने एक बाई पिशवीतून मोबाइल काढत बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

"तुझं काहीतरी आईच्या कपाटात आहे," मी अलीझाला म्हणाले. "हा महिना सरला की देईन."

तिने मान हलवली. काय आहे ते विचारलं नाही. माझ्या मोबाइलमधली अ‍ॅपं ती एकेक करून बघत होती, आणि तिचे डोळे भरून आल्यामुळे तिला बहुधा काही दिसत नव्हतं.

मी अनेक वर्षं वऱ्हाडी बोलले नव्हते. घरातही नाही. तोंडात ती अवघडल्यासारखी आली.

"अलीझा, मले तुह्या लय हेवा वाटे. आई तुह्यासंग बोले तशी माह्यासंग कधी बोललीच नाई, अन मी तिले कधी म्हनलंबी नाई. मलेबी तीच आई पायजे होती वं."